एकेरी सोडण्याआधी जोडीदार ठरवा

प्रश्न : माझं वय २४. टेनिस उजव्या हाताने खेळतो. जागतिक क्रमवारीत एकेरीत सध्या ४८०व्या क्रमांकावर आहे, आजवरचा सर्वोत्तम क्रमांक ४१०. दुहेरीत मात्र २१५. गेल्या हंगामात त्या-त्या आठवड्याला जो मोकळा असेल त्याच्यासोबत दुहेरी खेळलो. एकही जोडीदार महिनाभर टिकला नाही, तरी जास्त सामने तिथेच जिंकले. आता दोन जण विचारताहेत. एक माझा जुना मित्र, डावखुरा, दुहेरीत ३३०वा. तो पूर्ण वर्षासाठी तयार आहे. दुसरा ३४ वर्षांचा अनुभवी खेळाडू, १४०वा. पण त्याचा नेहमीचा जोडीदार नसेल तेव्हाच तो मला घेणार. प्रशिक्षक म्हणतात, एकेरी जमली नाही की लोक दुहेरीत जातात, इतक्यात हार मानू नकोस. घरच्यांना पैशाची काळजी आहे. एकेरी सोडून फक्त दुहेरीचा खेळाडू व्हावं का? आणि या दोघांपैकी कोणाला हो म्हणू?

उत्तर : आधी सरळ उत्तर देतो, कारणं मागाहून. एकेरी आज पूर्ण सोडू नका, पण पुढच्या हंगामाचं वेळापत्रक दुहेरी समोर ठेवूनच आखा. डावखुऱ्या मित्राला वर्षासाठी होकार द्या. अनुभवी खेळाडूसोबत मोजके आठवडे जरूर खेळा, पण मित्राला आधी सांगून.

तुमचे प्रशिक्षक म्हणतात त्यातला काळजीचा भाग समजतो. दुहेरीकडे पराभूतांचा आसरा म्हणून पाहणं मात्र मला मान्य नाही. टॉड वुडब्रिजने विम्बल्डनची पुरुष दुहेरी नऊ वेळा जिंकली, डॅनियल नेस्टरने कारकिर्दीत दुहेरीची ९१ विजेतेपदं मिळवली, ब्रायन बंधूंनी एकत्र ११९. हे एकेरीचं उरलंसुरलं काम नव्हे. हा वेगळा पेशा आहे, त्याची कौशल्यं वेगळी आणि हिशेबही वेगळा. तो हिशेब आधी समजून घ्या, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांची मुळं तिथेच आहेत.

आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) एम२५ या खालच्या दर्जाच्या स्पर्धेत दुहेरीच्या सोळा जोड्या असतात. चार सामने जिंकले की विजेतेपद, आणि जोडीतल्या प्रत्येकाला क्रमवारीचे २५ गुण. त्यावरच्या दर्जाच्या चॅलेंजर ७५ मध्येही सोळा जोड्या, चारच सामने, पण गुण ७५. पुरुषांच्या मुख्य टूरवरच्या एटीपी २५० मध्ये पुन्हा सोळा जोड्या, पुन्हा चार सामने, आणि गुण २५०. ग्रँड स्लॅमला ६४ जोड्या. सहा सामने जिंकणाऱ्याला २००० गुण. प्रतिस्पर्धी वरवर जाताना तगडे होतात हे खरं, पण सामन्यांची संख्या फारशी वाढत नाही; गुण मात्र दसपटीने वाढतात. एम२५ ची तीन विजेतेपदं, म्हणजे सलग बारा सामने जिंकून जे मिळतं, ते चॅलेंजर ७५ एका आठवड्यात देऊन जातं. दुसरी बाजूही ध्यानात ठेवा: दुहेरीत पहिल्या फेरीत हरलात तर हाती शून्य गुण, अगदी ग्रँड स्लॅममध्येसुद्धा.

म्हणून दुहेरीच्या खेळाडूचा दर आठवड्याचा पहिला सामना कोर्टवर नसतो, तो प्रवेशयादीवर असतो. यादी लागते ती दोघांच्या क्रमांकांच्या बेरजेवर. तुम्ही २१५ आणि मित्र ३३०, म्हणजे ५४५. तुम्ही आणि तो अनुभवी खेळाडू, म्हणजे ३५५. जितकी बेरीज लहान, तितकी मोठी स्पर्धा. त्यातही एक अडचण आहे. टूरवर दुहेरीच्या प्रवेशासाठी खेळाडू आपला एकेरीचा क्रमांकही वापरू शकतो. एकेरीत पन्नासाव्या-साठाव्या क्रमांकावरचे दोघे ऐन वेळी जोडी करून नाव घालतात, आणि वर्षभर दुहेरीच खेळणारी जोडी यादीच्या खाली ढकलली जाते. ग्रँड स्लॅममध्ये निश्चिंतपणे जायचं तर दोघांचाही क्रमांक साधारण पहिल्या सत्तर-ऐंशीत लागतो. तोवर पर्यायी जोड्यांच्या यादीत नाव घालून स्पर्धेच्या जागी थांबणं हे कामाचाच भाग आहे. साइन-इनची, म्हणजे हजेरी नोंदवण्याची, वेळ चुकवली आणि तासाभराने एखादी जोडी दुखापतीने बाहेर पडली, असं दर हंगामात कुणा ना कुणाचं होतं.

आता बेरीज ३५५ इतकी चांगली असताना मी ५४५ वाली जोडी का सुचवतो?

अनुभवी खेळाडू तुम्हाला वेळापत्रक देत नाहीये. त्याचा जोडीदार आजारी पडला, एखाद्या आठवड्याला घरी गेला, तर तुमची वर्णी. याचा अर्थ प्रवेशाची मुदत संपेपर्यंत तुम्हाला आपण कुठे खेळणार हे ठाऊक नसणार. तिकिटं उशिरा काढावी लागणार, ती महाग पडणार. त्या आठवड्यासाठी दुसऱ्या कुणाला शब्द दिला असेल तर तो मोडावा लागणार, आणि दुहेरीच्या वर्तुळात मोडलेला शब्द फार दिवस लक्षात राहतो. गेलं वर्ष तुम्ही असंच काढलंत. २१५ पर्यंत आलात ते कौतुकाचं आहे, पण दर आठवड्याला नवा जोडीदार म्हणजे दर सोमवारी शून्यापासून सुरुवात: मधला चेंडू कोणाचा, डोक्यावरून उंच चेंडू (लॉब) गेला तर मागे कोण जाणार, दबावाखाली दुसरी सर्व्हिस कुठे पडणार. हे प्रश्न सरावात सुटत नाहीत, सामन्यांत सुटतात, आणि त्यासाठी दहा-बारा स्पर्धा एकत्र लागतात.

टिकाऊ जोडीचं मोल नेस्टरच्या कारकिर्दीत छान दिसतं. मार्क नोल्ससोबत त्याची जोडी १९९०च्या दशकाच्या मध्यापासून होती, आणि दोघांचं पहिलं ग्रँड स्लॅम आलं ते २००२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला. पुढे नेनाद झिमोनिच आणि मॅक्स मिर्नी यांच्यासोबतही तो जिंकला. तीन जोडीदारांसह एकूण आठ ग्रँड स्लॅम. बदल त्याने केले, पण मोजके, आणि प्रत्येक जोडीला भरपूर वेळ देऊन. वुडब्रिजचंही तसंच. मार्क वुडफर्डसोबत सहा विम्बल्डन, वुडफर्ड २००० मध्ये निवृत्त झाल्यावर योनास ब्यॉर्कमनसोबत २००२ ते २००४ अशी सलग तीन.

याच्या उलट उदाहरणही आहे, तेही सांगायला हवं. हॅरी हेलिओव्हारा आणि हेन्री पॅटन २०२४ च्याच हंगामात एकत्र आले आणि त्याच वर्षी विम्बल्डन जिंकले. अंतिम सामन्यात त्यांनी तीन चॅम्पियनशिप पॉइंट वाचवले होते. जानेवारी २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनही त्यांच्याकडे आली. पण एकत्र येताना दोघेही आधीच दुहेरीचे पक्के खेळाडू होते. हेलिओव्हारा तर मध्ये काही वर्षं टेनिस सोडून नोकरी करून परतला होता आणि विम्बल्डन जिंकताना ३५ वर्षांचा होता. तयार झालेले दोन खेळाडू लवकर जुळतात. तुम्ही आणि तुमचा मित्र अजून घडताय. तुम्हाला वेळ लागेल असं धरून चला.

मित्राला होकार देण्याआधी एक काम मात्र करा. त्याचे सध्याचे गुण कोणत्या तारखांना गळणार आहेत ते त्याच्यासोबत बसून बघा. गुण ५२ आठवड्यांनी जातात. आज ३३०वा असलेला खेळाडू, त्याचे निम्मे गुण मार्चमधल्या एका विजेतेपदाचे असतील, तर एप्रिलमध्ये ४५०वा होऊ शकतो, आणि मग तुमची बेरीज एकदम फुगते. उलट त्याचे गुण वर्षभर विखुरलेले असतील तर दोन चांगले आठवडे त्याला झपाट्याने वर आणतील. दोघांच्या गळतीच्या तारखा एका कागदावर मांडा. ज्या आठवड्यांत दोघांचेही गुण जाणार असतील त्याच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत विश्रांती ठेवू नका.

कोणत्या स्पर्धेत किती बेरजेला प्रवेश मिळतो, हे अंदाजाने ठरवू नका. त्याच स्पर्धेची मागच्या वर्षीची यादी काढा आणि शेवटच्या थेट प्रवेशाची बेरीज बघा. एकाच दर्जाच्या दोन चॅलेंजरमध्ये शंभर-दीडशेचा फरक सहज असतो. मोठ्या स्पर्धांच्या आठवड्यात, आडबाजूला असलेल्या ठिकाणी, हंगामाच्या अखेरीस यादी सैल लागते. ५४५ ची जोडी योग्य आठवडे निवडून चॅलेंजरमध्ये बऱ्याचदा आत जाते; चुकीचे आठवडे निवडून वर्षभर एम२५ मध्ये अडकून राहते. आणि अनुभवी खेळाडूसोबतच्या ३५५ बेरजेचे आठवडे वापरायचे ते इथे: जिथे मित्रासोबत प्रवेश अशक्यच आहे, अशा वरच्या दर्जाच्या दोन-तीन स्पर्धा त्याच्याकडून आधीच पक्क्या करून घ्या. तो तारखा द्यायला तयार नसेल, तर नम्रपणे नाही म्हणा.

मित्राशी बोलताना या गोष्टी आधीच स्पष्ट करा: किती स्पर्धांनंतर बसून विचार करायचा (मी बारा म्हणेन), खर्च कसा वाटायचा, आणि एकाला वरचा जोडीदार मिळाला तर किती आधी सांगायचं. बक्षिसाची रक्कम जोडीला मिळते आणि निम्मी-निम्मी होते, तिथे वाद नसतो. वाद होतो तो प्रशिक्षक, फिजिओ आणि प्रवासाच्या खर्चावर, कारण एकाला प्रशिक्षक सोबत हवा असतो आणि दुसऱ्याला तो परवडत नाही. दोन जोड्यांनी मिळून एक प्रशिक्षक घेणं हा दुहेरीतला जुना आणि चांगला मार्ग आहे. दुसरी जोडी सरावालाही मिळते.

त्याचा डावा हात ही तुमच्या जोडीची मोठी जमेची बाजू आहे. वुडफर्ड डावखुरा, नेस्टर डावखुरा, बॉब ब्रायन डावखुरा, जेमी मरे डावखुरा. हा योगायोग नाही. प्रतिस्पर्ध्याला दर गेमला उलट फिरणारी सर्व्हिस परतवावी लागते, त्यामुळे त्याची लय बसत नाही. शिवाय ज्या बाजूने सूर्य उजव्या हाताच्या सर्व्हरच्या डोळ्यांत येतो, तिथून डावखुऱ्याने सर्व्हिस करायची असा क्रम लावता येतो. सर्व्हिसचा क्रम प्रत्येक सेटच्या सुरुवातीला बदलायची मुभा असते. बाहेर वारा आणि ऊन असताना ती वापरलीच पाहिजे.

रिटर्नला कोणी कोणत्या बाजूला उभं राहायचं हे मात्र सवयीने ठरवू नका. तुम्ही ड्यूस कोर्टला (उजव्या बाजूला) आणि तो ॲड कोर्टला (डाव्या बाजूला), अशी रचना केलीत तर दोघांचे फोरहँड बाहेरच्या बाजूला येतात. रुंद पडणाऱ्या सर्व्हिसवर तुम्ही दोघेही जोरात मारू शकता, पण मधल्या चेंडूवर दोन बॅकहँड उरतात, आणि चांगल्या जोड्या सर्व्हिस टी-वर (सर्व्हिस बॉक्सच्या मधल्या रेषेच्या टोकाशी) टाकून नेमकं तेच मागतात. उलट रचनेत दोन्ही फोरहँड मध्ये येतात. मधला कोर्ट मजबूत, पण बाहेरची सर्व्हिस बॅकहँडला. ज्याचा बॅकहँड रिटर्न आखूड हालचालीचा आणि भरवशाचा आहे त्याच्या मानाने ठरवा. दोन्ही रचना प्रत्येकी किमान चार सामने खेळून बघा आणि सामन्यागणिक रिटर्न किती आत पडले ते लिहून ठेवा. बाजूही सेटच्या सुरुवातीलाच बदलता येते, मध्येच नाही, म्हणून हे प्रयोग सराव सामन्यांत आणि खालच्या स्पर्धांत उरका.

आता खेळाकडे येऊ. एकेरीतून येणाऱ्या बहुतेकांचं दुहेरीत जे अडतं, ते रिटर्नवर अडतं.

एकेरीत रिटर्न खोल आणि मधोमध टाकला की काम भागतं. तुम्हाला रॅलीत यायचं असतं. दुहेरीत तोच रिटर्न नेटवरच्या खेळाडूच्या रॅकेटवर जातो आणि पॉइंट संपतो. तो नेटपासून दोन-अडीच मीटरवर, सर्व्हिस बॉक्सच्या मध्यावर उभा असतो, आणि चेंडू तुमच्या रॅकेटवर येईपर्यंत त्याचं वजन पुढे सरकलेलं असतं. तुमची लांब बॅकस्विंग त्याला दिशा सांगून टाकते. म्हणून पहिली दुरुस्ती: बॅकस्विंग खांद्याच्या रेषेपर्यंतच, दुसऱ्या सर्व्हिसवर बेसलाइनच्या आत एक पाऊल, आणि चेंडू शरीराच्या पुढे घ्यायचा. लक्ष्य खोली नव्हे, लक्ष्य उंची. नेट मधोमध ९१ सेंटीमीटर आहे आणि खांबांजवळ १०७. चेंडू मधल्या पट्टीवरून जेमतेम वर काढून पुढे येणाऱ्या सर्व्हरच्या बुटांशी पडला पाहिजे. वरून खाली मारायची व्हॉली त्याला खालून वर उचलावी लागली की पुढचा चेंडू तुमचा.

हा सराव असा करा. एक सर्व्हर, एक नेटवर, तुम्ही रिटर्नला. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी साठ सर्व्हिसेस. पस्तीस रिटर्न क्रॉसकोर्ट, सर्व्हिस लाइनच्या पुढे पडणारे. पंधरा लॉब, नेटवाल्याच्या बॅकहँड खांद्यावरून. दहा त्याच्या बाजूच्या लाइनवर, जोरात. लाइनवरचे दहा पॉइंट जिंकण्यासाठी नसतात, त्याला जागेवर बांधून ठेवण्यासाठी असतात. सामन्याच्या पहिल्या दोन गेममध्ये एकदा लाइनवर मारलं की तो पुढचा अर्धा तास मधोमध झेपावताना बिचकतो, मग चुकलं तरी बिघडत नाही. लाइनवर मारायचंच नाही असं ठरवणारे खेळाडू दुसऱ्या सेटमध्ये मार खातात, कारण तोवर नेटवाल्याला कळलेलं असतं की इकडे काही येत नाही.

दुसरं अडतं ते सर्व्हिसवर. एकेरीतली तुमची सर्वात वेगवान सर्व्हिस दुहेरीत फार उपयोगाची नाही. पहिली सर्व्हिस सत्तर टक्के आत पडेल इतका वेग कमी करा आणि ती टी-वर किंवा अंगावर टाका. बाहेर टाकलेल्या सर्व्हिसमुळे रिटर्नरला कोन मिळतो, आणि दुहेरीत प्रत्येक बाजूला १.३७ मीटरची जादा पट्टी असते हे विसरू नका. तो कोन त्या पट्टीत जातो. टी-वरच्या सर्व्हिसचा रिटर्न मधूनच येतो आणि तिथे तुमचा जोडीदार आडवा जायला तयार असतो. दुसरी सर्व्हिस उंच उसळणारी हवी, म्हणजे तुमच्या जोडीदाराला झेपावायला अर्ध्या पावलाचा वेळ मिळेल. एकेरीत दुसरी सर्व्हिस कमजोर असली तर रॅलीत भरून काढता येतं. दुहेरीत त्याची शिक्षा तुमच्या जोडीदाराला होते. चेंडू त्याच्या छातीवर येतो.

प्रत्येक सर्व्हिसच्या आधी दोन गोष्टी ठरलेल्या हव्यात: सर्व्हिस कुठे, आणि नेटवाला जाणार की थांबणार. पाठीमागे हाताने खूण करा किंवा जवळ येऊन बोला, पण ठरलेलं बदलू नका. नेटवाला जाणार असं ठरलं असताना सर्व्हिस फसली तरी त्याने जायचंच. तो अर्धवट गेला की मागचा सर्व्हर त्याची रिकामी जागा झाकायला निघालेला असतो, आणि मधला कोर्ट दोघांचाही उरत नाही. नव्या जोड्यांचे सगळ्यात जास्त पॉइंट इथे जातात, व्हॉली चुकल्यामुळे नव्हे. आय फॉर्मेशन, म्हणजे नेटवाल्याने मधल्या रेषेवर खाली बसून ऐन वेळी डावीकडे किंवा उजवीकडे निघणं, हे समोरच्याचा क्रॉसकोर्ट रिटर्न फार चांगला चालला असेल तेव्हा काढा. पहिल्या गेमपासून वापरलंत तर दुसऱ्या सेटपर्यंत त्याची धार जाते.

गुणमोजणीमुळेही दुहेरीचा स्वभाव बदललाय. टूरवर २००६ पासून ड्यूसनंतर (४०-४० झाल्यावर) ॲडव्हान्टेज नाही, एकच निर्णायक पॉइंट. आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा सुपर टायब्रेक. ग्रँड स्लॅममध्ये तिसरा सेट पूर्ण खेळतात. विम्बल्डनची पुरुष दुहेरी तर २०२२ पर्यंत पाच सेटांची होती, २०२३ पासून तीनची झाली. निर्णायक पॉइंटवर कोणत्या बाजूने रिटर्न घ्यायचा हे रिटर्न करणारी जोडी ठरवते, आणि ते ४०-४० झाल्यावर चर्चा करून ठरवायचं नसतं. त्या दिवशी ज्याचा रिटर्न चाललाय तो पुढे येतो, एवढा नियम सामन्याआधी करून टाका.

सुपर टायब्रेकमधली एक गोष्ट अनेक जोड्या वाया घालवतात. कोणत्या जोडीने सर्व्हिस सुरू करायची हे चालू क्रमाने ठरतं, पण जोडीतल्या कोणी आधी करायची हे नव्या सेटसारखं बदलता येतं. आता मोजा. समोरची जोडी पहिला पॉइंट सर्व्ह करते. तुमच्यातला जो आधी सर्व्ह करेल त्याच्या वाट्याला दुसरा, तिसरा, दहावा, अकरावा, अठरावा आणि एकोणिसावा पॉइंट येतो. दुसऱ्याच्या वाट्याला सहावा, सातवा, चौदावा, पंधरावा. चुरशीच्या टायब्रेकमध्ये हे सहा विरुद्ध चार होतं, आणि ८-९ किंवा ९-९ ला चेंडू पहिल्याच्या हातात असतो. म्हणून चांगला सर्व्हर आधी. तुमची जोडी सुरुवात करणार असेल तर पहिल्याकडे पहिला, आठवा, नववा, सोळावा, सतरावा येतात. तिथेही चांगला सर्व्हरच आधी. सेट संपताना दमून बाकावर बसलेल्या जोड्या सवयीचाच क्रम पुढे चालवतात. तुम्ही तसं करू नका.

पैशाबद्दल घरच्यांची काळजी रास्त आहे, ती गोड बोलून उडवून लावू नका. २०२३ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला ५५,००० पौंड मिळाले. दुहेरीत पहिल्या फेरीत हरणाऱ्या जोडीला १३,७५०, म्हणजे प्रत्येकाला ६,८७५. विजेत्या जोडीला मात्र ६,००,००० पौंड. तुमच्या आजच्या पातळीवर चित्र याहून कठीण आहे. पंधरा हजार डॉलरच्या आयटीएफ स्पर्धेत दुहेरीच्या विजेत्या जोडीला मिळून हजार डॉलरही हाती पडत नाहीत. विमानभाडं, राहणं, तारा विणण्याचा खर्च यांत ते संपतात. म्हणून पुढचे बारा-अठरा महिने दुहेरी ही कमाई धरू नका, गुंतवणूक धरा, आणि तेवढ्या काळाची तरतूद आधी करा. अनेक दुहेरीपटू क्लबांच्या सांघिक लीगमध्ये ठरावीक मानधनावर खेळून वर्षाचे काही आठवडे भरून काढतात; तो मार्ग बघा. मिश्र दुहेरीवर मात्र हिशेब बांधू नका. २०२५ च्या यूएस ओपनने मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात नेली, फक्त सोळा जोड्या ठेवल्या आणि थेट प्रवेश एकेरीच्या क्रमवारीवर दिले. विजेत्यांना दहा लाख डॉलर मिळाले. ती स्पर्धा जिंकली सारा एरानी आणि आंद्रेया वावासोरी यांनीच, म्हणजे दुहेरीच्या मुरलेल्या जोडीने, याचा मला मनापासून आनंद झाला. पण बाकीच्या दुहेरीपटूंचा एक हक्काचा उत्पन्नाचा आठवडा त्या वर्षी गेला.

तुमच्या बाजूने उभी असलेली गोष्ट म्हणजे वय. एकेरीत २४ म्हणजे घड्याळाकडे बघायची वेळ. दुहेरीत ती सुरुवात आहे. रोहन बोपण्णा जानेवारी २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डनसोबत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला आणि ४३व्या वर्षी पहिल्यांदा क्रमवारीत अव्वल झाला. माइक ब्रायनने २०१८ मध्ये, चाळिशीत, भाऊ जखमी असताना जॅक सॉकसोबत विम्बल्डन आणि यूएस ओपन दोन्ही जिंकल्या. धावणं निम्म्याने कमी होतं हे याचं एक कारण. पण शरीराला मोकळीक मिळते असं समजू नका. भार वेगळ्या जागी जातो. खांदा, कारण सर्व्हिस आणि स्मॅशचं प्रमाण वाढतं. मांड्यांचे आतले स्नायू, कारण नेटवर आडवी झेप. कंबर आणि गुडघे, कारण खालच्या व्हॉलीला वाकावं लागतं. लांब पळण्याचा व्यायाम कमी करून पाच ते आठ मीटरच्या आडव्या झेपा, एका पायावरचे स्क्वॉट आणि खांद्याच्या मागच्या बाजूची ताकद यांवर वेळ द्या.

राहिला एकेरीचा प्रश्न. ४८०व्या क्रमांकाचा दुहेरीच्या प्रवेशाला काही उपयोग नाही, म्हणून तो टिकवण्यासाठी स्वतंत्र दौरे करणं थांबवा. पण जिथे दुहेरी खेळायला जाताच आहात तिथे एकेरी खेळत राहा. दुहेरीत पहिल्या फेरीत हरलात तर आठवड्यात एकच सामना पदरात पडतो, आणि एवढ्या कमी सामन्यांवर सर्व्हिस आणि रिटर्नची धार टिकत नाही. सानिया मिर्झाने एकेरी सोडली ती २७व्या क्रमांकापर्यंत जाऊन आल्यावर, मनगटाच्या आणि गुडघ्याच्या दुखापतींनंतर, २०१३ मध्ये. एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत अव्वल झाली आणि मार्टिना हिंगिससोबत सलग ४१ सामने जिंकली. तिच्यासाठी तो निर्णय शरीराने आणि दुहेरीतल्या निकालांनी मिळून घेतला होता. तुमच्यासाठी खूण ही: तुमची जोडी सलग तीन महिने चॅलेंजर १०० आणि १२५ च्या यादीत थेट लागू लागली, की एकेरी बंद.

तोवर एका तारखेवर लक्ष ठेवा. चॅलेंजर आणि आयटीएफमध्ये दुहेरीची अंतिम फेरी सहसा शुक्रवारी किंवा शनिवारी असते आणि पुढच्या स्पर्धेची एकेरीची पात्रता फेरी रविवारी सुरू होते. शनिवारी रात्री प्रवास करून रविवारी सकाळी एकेरी खेळण्याने खांदे दुखावतात, आणि मंगळवारच्या दुहेरीत सर्व्हिस पडत नाही. उपांत्य फेरी गाठलीत की त्याच संध्याकाळी पुढच्या आठवड्याच्या एकेरीतून नाव मागे घ्या. उशिरा माघार घेतली की दंड लागू शकतो, त्यामुळे प्रत्येक स्पर्धेची माघारीची मुदत प्रवेश भरतानाच दोघांच्या फोनवर नोंदवून ठेवा.